गोळी रक्तात पोचली म्हणजे शुगर उतरली असं नाही

मधुमेह आणि कोलेस्टेरॉलची एकत्र गोळी ‘टेस्टेड’ आहे, असं वाशीच्या मेडिकलपासून ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या काकांपर्यंत सगळे ठासून सांगतात. कुठली टेस्ट, हे कुणी विचारत नाही.

क्लिनिकल ट्रायल सगळ्यांना ठाऊक आहे: पेशंट, दोन गट, काही महिने औषध, शेवटी एचबीएवनसी (लाल पेशींवरून काढलेली गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसीसाठी तीनेक महिने थांबावंच लागतं. एवढं पुरे.

बीई, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्स स्टडी (नवी गोळी जुनीइतकंच औषध रक्तात पोचवते का, याची तपासणी), हे प्रकरणच निराळं. इथे सहसा पेशंट नसतात, धडधाकट माणसं असतात. रात्रभर उपास, रक्त काढायला हातात कॅन्युला (बारीक नळी), सकाळी गोळी आणि मग ठरल्या वेळी रक्त. एकदा जोडगोळी, मध्ये काही दिवस सोडून दोन सुट्या गोळ्या. कुणाचा क्रम उलटा. मोजायचं ते रक्तातलं औषध: जास्तीत जास्त किती चढलं आणि एकूण किती पोचलं. शुगर उतरली का, हा प्रश्नच नाही. ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या औषधाच्या स्टडीत तर गोळी २० टक्के ग्लुकोजच्या पाण्याबरोबर देतात आणि पुढे चार तासांपर्यंत दर १५ मिनिटांनी ते पाणी पाजत राहतात, निरोगी माणसाची शुगर धाडकन पडू नये म्हणून. जिथे शुगर मुद्दाम धरून ठेवली, तिथल्या आकड्यांवरून ‘शुगरवर गुणकारी’ कसं काय म्हणता?

बीई म्हणजे धूळफेक, असंही नाही. दोन्ही औषधं पेशंटवर आधीच पारखलेली असतील, तर तेच पुन्हा सिद्ध करण्यात पैसा आणि माणसं दोन्ही वाया जातात. अमेरिकेत २०११ मध्ये मर्कच्या जुव्हिसिंकला, म्हणजे सिटाग्लिप्टिन (मधुमेहाचं औषध) अधिक सिमव्हास्टॅटिनला (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन), मंजुरी मिळाली ती अशीच: दोन्ही औषधांचा जुना अनुभव होता आणि एका गोळीतून ती रक्तात सुट्या गोळ्यांइतकीच पोचत होती. पण एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, सोबत एक अट घातली. सिटाग्लिप्टिन एकटं दिल्यावर आणि सिमव्हास्टॅटिनबरोबर दिल्यावर शुगर किती उतरते, याची तुलना करणारी ट्रायल करा. कारण स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते. (म्हणून कुणी परस्पर स्टॅटिन सोडू नका, बहुतेक मधुमेहींना हृदयासाठी त्याचा फायदा कितीतरी जास्त आहे.) खरी मेख इथे आहे. दोन्ही औषधं रक्तात अगदी बरोबर पोचली, तरी एकाने दुसऱ्याच्या कामात खोडा घातला का, हे बीईला दिसतच नाही. ते बघायला पेशंटच लागतो. पुढे २०१३ मध्ये कंपनीने धंद्याच्या कारणास्तव ही गोळीच बंद केली.

आणि बीईत पास व्हायची ती ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा! ‘म्हणजे औषध २० टक्के कमी असलं तरी चालतं’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन गोळ्यांच्या सरासरीचं गुणोत्तर आणि त्याभोवतीचा ९० टक्के विश्वासाचा सगळा पट्टा (अंदाज इकडेतिकडे होऊ शकतो ती पूर्ण रेंज) त्या मर्यादेत बसावा लागतो. खुद्द गुणोत्तर ८० च्या काठावर असेल तर पट्टा बाहेर जातो आणि गोळी नापास होते.

ट्रायल आणि बीईमधले खर्च, वेळ, माणसांची संख्या हे फरक उघड आहेत. पुन्हा कुणी ‘टेस्टेड’ म्हणून गोळी पुढे केली, तर सीटीआरआय ही भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही सगळ्यांना खुली आहे. त्यात त्या अभ्यासाची नोंद काढा आणि आजाराच्या रकान्यात मधुमेह लिहिलाय की ‘निरोगी स्वयंसेवक’, तेवढं आधी बघा.