लॅपटॉपमधील मोकळ्या जागेचा चुकीचा आकडा

डिस्कवर उरलेली जागा आणि पडद्यावर दिसणारा आकडा यांचा मेळ न बसणे. ‘सी ड्राइव्ह लाल झालाय, पण एवढ्या फाइली नाहीतच’ ही ठाणे स्टेशन परिसरातल्या किंवा वाशीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत ओळखीची तक्रार. बहुतेकदा आकडा खोटा नसतो, मोजणी वेगळी असते. त्यामुळे थेट फॉरमॅट मारणे हा उतावीळपणा ठरतो.

नव्या लॅपटॉपवर ५१२ जीबीऐवजी सुमारे ४७६ दिसतात, कारण उत्पादक ५१२ अब्ज बाइट मोजतो आणि विंडोज १,०२४च्या पटीत भागते. अ‍ॅपलची मॅकओएस २००९पासून दशमान (१,०००च्या पटीतली) पद्धतच वापरते.

खरा गुंता लपलेल्या फाइलींचा. सी ड्राइव्हमधले सगळे फोल्डर निवडून बेरीज केली, तर ती वापरलेल्या जागेपेक्षा कितीतरी कमी भरते. हायबरनेशनची, म्हणजे लॅपटॉप बंद करताना चालू काम डिस्कवर जपणारी फाइल (विंडोज १०मध्ये सहसा रॅमच्या ४० टक्के), रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी पेजफाइल आणि रिस्टोर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी) तिच्यात धरलेच जात नाहीत. रिस्टोर पॉइंटनी किती जागा अडवली, ते सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये ‘कॉन्फिगर’ दाबल्यावर दिसते. तिथेच कमाल मर्यादा खाली आणता येते. मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुनी विंडोज साधारण १० दिवसांनी आपोआप पुसली जाते. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेज, टेम्पररी फाइल्समधून काढावी. फुकट ‘क्लीनर’ अ‍ॅपांच्या नादी लागू नये.

एवढे करूनही हिशोब लागला नाही, तर फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेवर, संशय घ्यावा. बॅटरी मेलेला लॅपटॉप पावसाळ्यात वीज जाताच जागीच बंद पडतो आणि एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टिमचा) कोणते क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) भरलेले, कोणते रिकामे हा नकाशा बिघडू शकतो. आधी बॅकअप घ्यावा, डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, एरर चेकिंग. दोष सापडल्यास रीस्टार्ट मागितला जातो. दुरुस्ती मध्येच तोडू नये.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचे लॅपटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला) जोडलेले असले, तर ‘साइझ’ नव्हे, फाइलच्या प्रॉपर्टीजमधला ‘साइझ ऑन डिस्क’ पाहावा: क्लाउडवरच राहिलेली फाइल पहिल्यात पूर्ण, दुसऱ्यात जवळपास शून्य दिसते. अशा लॅपटॉपवर अ‍ॅडमिन हक्क सहसा नसतात, म्हणून डिस्कची तपासणी आयटी विभागाकडूनच करून घ्यावी लागते.