एका ग्रॅममधली सव्वा मीटर तार

भाचीनं साखरपुड्याच्या अंगठीचं चित्र मोबाईलवर दाखवलं. मधे छोटा हिरा, आणि त्याच्याभोवतीपासून थेट बोटाच्या मागच्या बाजूपर्यंत वेलबुट्टीची सोन्याची जाळी. कारागिरानं चित्र मोठं करून नीट पाहिलं आणि विचारलं, "ताई, ही रोज घालणार की कार्यापुरती?"

"रोज. कणीक मळतानासुद्धा काढणार नाही."

"मग खालच्या अर्ध्यातली जाळी काढू या."

भाचीचा चेहरा उतरला. ती त्याच्या पोराकडून हिऱ्याची मापं समजून घेऊ लागली आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दुपारभर बसले. अशी अंगठी ठरवायची तर आधी तार समजून घ्यावी आणि मग चित्र काढावं, हे मला तिथे पटलं.

या कामाला इंग्रजीत फिलिग्री म्हणतात. लॅटिनमधल्या 'धागा' आणि 'दाणा' या दोन शब्दांवरून ते नाव आलं. आपल्याकडे तार आणि रवा. ओडिशातल्या कटकची चांदीची तारकशी यात फार नावाजलेली; २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सोन्यात रीत तीच.

तार निघते पोलादी पट्टीतून. पट्टीला ओळीनं भोकं असतात, प्रत्येक आधीच्याहून किंचित लहान. तारेचं टोक कानसून निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं, सांडशीनं धरायचं आणि ओढायचं. १ मिलिमीटर जाडीची तार पाव मिलिमीटरवर आली की लांबी १६ पट झालेली असते. १८ कॅरेटच्या एका ग्रॅम सोन्यातून अशी साधारण सव्वा मीटर तार निघते.

एवढी ताणूनही ती तुटत का नाही? सोन्याचे अणू थराथरांनी रचलेले असतात, गाडीवर रचलेल्या मोसंब्यांसारखे. ओढ बसली की थर एकमेकांवरून सरकतात, पण अख्खा थर एकदम हलत नाही. जड सतरंजी सरकवायची तर आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत नेतो. अणूंच्या थरांतही नेमकं हेच घडतं. त्या सुरकुत्यांना धातुशास्त्रात 'डिसलोकेशन' म्हणतात. प्रत्येक ओढीसरशी नव्या सुरकुत्या पडतात, मग त्यांची एकमेकींत गुंतागुंत होते, तार कडक होते आणि पुढच्या एखाद्या भोकात तटकन तुटते. म्हणून तो मधे थांबून तारेचं वेटोळं करायचा आणि मंद लाल होईपर्यंत तापवायचा. उष्णतेनं गुंता झालेल्या जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक वाढतात आणि तार पुन्हा मऊ होते. तापवताना त्यानं डोक्यावरचा दिवा विझवला. ती पहिली लाली उजेडात दिसत नाही, आणि उजेडात दिसेपर्यंत थांबलं तर तार हातची गेलेली असते.

मग त्यानं दोन बारीक तारा एकत्र पिळल्या आणि रुळांमधून काढून चपट्या केल्या. भिंगातून पाहिलं तर कडेला मोत्यांच्या सरीसारखी बारीक नक्षी उमटली होती. तारकाम झगमगतं ते या कडेमुळे, कारण तिचा एकेक उंचवटा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. ही चपटी पट्टी जाळीत आडवी निजवत नाहीत, कडेवर उभी करतात. फूटपट्टी आडवी धरली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही. अर्धा मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड पट्टी उभी केली, तर आडवीपेक्षा ती सहा पट ताठ असते. शिवाय वेलाची वळणं एकमेकांना ठिकठिकाणी टेकवली की दोन आधारांमधलं अंतर घटतं. अंतर निम्मं झालं की ताठपणा आठ पट वाढतो. म्हणजे कोयऱ्या आणि पाकळ्या इतक्या दाटीनं भरायच्या त्या शोभेसाठी आणि बळकटीसाठीही.

रवा कसा करतात ते पाहून मात्र मी थक्क झाले. पाव मिलिमीटरच्या तारेचे मिलिमीटर-मिलिमीटरचे तुकडे त्यानं कोळशाच्या भुकटीत विखुरले आणि वरून आच दिली. प्रत्येक तुकडा आक्रसला, थरथरला आणि गोल झाला. वितळलेल्या धातूचं पृष्ठताण त्याला कमीत कमी पृष्ठभागाच्या आकारात, म्हणजे गोलात, ओढून घेतं. हाताचा स्पर्श नाही, साचा नाही, तरी अर्ध्या मिलिमीटरहून जरा लहान असे एकसारखे दाणे! तुकडे सारखे कापले की झालं.

पण रवा घडवणारं हेच बल तारेच्या मुळावर येतं. नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत तुटते, तशी वितळलेली तार गोळ्या होऊन तुटते. झाळताना सगळी भीती याचीच. जोडाला लावायचा मिश्रधातू, कारागिराच्या भाषेत 'डाग', तारेपेक्षा शंभरेक अंशच अलीकडे वितळतो. त्यातून बारीक तार लगेच तापते आणि भोवतीची जाड चौकट सावकाश. ज्योत सरळ जाळीवर धरली तर चौकट गरम व्हायच्या आत जाळीच वितळेल. म्हणून तो ज्योत चौकटीभोवती फिरवत राहिला. भुकटी केलेला डाग आणि टाकणखार आधीच भुरभुरवून ठेवला होता. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो आणि धातूवरची ऑक्साइडची पुटं विरघळवतो. मग एका क्षणी डाग चमकला आणि वातीत तेल चढावं तसा सगळ्या फटींमध्ये शिरला. त्यानं ज्योत लगेच बाजूला केली.

'केडीएम' हा शब्द सराफाकडे आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो या डागाचाच, कॅडमियम मिसळलेला. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं, त्यामुळे थोड्याशा मिश्रणानं डाग हलक्या आचेवर वाहतो आणि दागिन्याचा कसही फारसा उतरत नाही. पण ७६७ अंशांना ते उकळतं, आणि ती वाफ कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत जाऊन बसते. ते बंद झालं हे फार बरं झालं. आजही कुणी कौतुकानं केडीएमचा दागिना सांगितला की मला ज्योतीवर वाकलेला माणूस दिसतो.

याहून सुंदर युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात इटलीतले इट्रुस्कन सोनार पाव मिलिमीटरहून लहान रवे सोन्यावर असे बसवत, की जोडाचा मागमूस दिसत नाही. नंतर युरोपात ती विद्या हरवली आणि १९३०च्या दशकात एच. ए. पी. लिटलडेल यांनी इंग्लंडमध्ये ती पुन्हा उभी केली. तांब्याचा क्षार आणि डिंक कालवून रवा चिकटवायचा आणि तापवायचं. आधी क्षाराचं कॉपर ऑक्साइड होतं, मग ६०० अंशांच्या आसपास डिंकाचा कोळसा होतो, ८५०च्या सुमारास तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, आणि शुद्ध तांब्याचा बारीकसा थर उरतो. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ला, पण दोन्ही भिडले की ती जागा ८९०च्या आसपासच वितळू लागते. जोड तेवढ्या टेकलेल्या बिंदूपुरताच होतो आणि रवा गोलच्या गोल राहतो.

आता खालच्या अर्ध्या भागाकडे येते. तळहाताच्या बाजूची अंगठी पातेल्याच्या कडेवर, गाडीच्या हँडलवर, पिशवीच्या बंदावर रोज घासते. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते सोन्याहून कितीतरी कठीण. काही वर्षांत एक दशांश मिलिमीटर झिजलं असं धरू. २ मिलिमीटर जाडीच्या भरीव कडीचं त्यात पाच टक्के गेलं. पाव मिलिमीटरच्या तारेचं चाळीस टक्के. वाकण्याचा हिशेब तर आणखी कडक आहे, कारण गोल तारेची जाडी निम्मी झाली की ताठपणा सोळा पट घटतो.

साच्यात ओतून अशी अंगठी करता येते. संगणकावर आराखडा, मेणाचा छापील नमुना, मग ओतकाम. पण वितळलेलं सोनं फार अरुंद वाटेत शिरत नाही, म्हणून ओतीव जाळी जाडच ठेवावी लागते. गोठताना सोनं आकसतं, त्यातून आत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. ओढलेली तार आतून घट्ट असते. मला विचाराल तर कडी ओतीव असली तरी चालेल, जाळी मात्र तारेचीच हवी.

शेवटी ठरलं ते असं. खालची कडी भरीव. जाळी हिऱ्याच्या कोंदणाखाली दोन्ही बाजूंना, एक मिलिमीटरच्या तारेच्या चौकटीत, म्हणजे धक्का बसला तर चौकटीला बसेल. मागून उघडी, कारण हिऱ्याच्या पाठीवर तेलाचा थर बसला की आतला प्रकाश परत फिरण्याऐवजी मागून निसटतो आणि हिरा मंद दिसतो. तिथे मऊ ब्रश पोचायला हवा. भरीव भाग राखल्यामुळे पुढे माप बदलायचं झालं तर तिथे कापता येईल, जाळीला हात न लावता.

भाची माप द्यायला बोट पुढे करू लागली तर तो म्हणाला, "आत्ता नको ताई. एसीत बसलाय तुम्ही, बोट बारीक झालंय. उद्या संध्याकाळी या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माप एका नंबरानं जास्त भरलं.