नव्वद मिलिमीटरची जवळीक

फील्ड कॅमेरा म्हणजे मोठ्या, सुट्या फिल्मवर चित्र घेणारा घडीचा कॅमेरा: पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत फिल्म, आणि दोघींना जोडणारा घड्यांचा भाता. त्याच्यावरची नेहमीची १५० मिलिमीटरची लेन्स काढून तिथे ९० ची लावली, की सगळ्यात आधी कुरकुरतो तो भाता. एरवी ऐसपैस पसरणाऱ्या त्याच्या घड्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि पुढची चौकट जरा वर सरकवायला गेलं तर भाताच तिला मागे खेचतो. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, कॅमेरा खराब आहे. तसं काही नसतं. लेन्स फिल्मच्या फार जवळ आलेली असते, एवढंच. वाइड अँगलच्या, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सच्या, बहुतेक अडचणी या जवळिकीतून येतात, आणि तिचं खरं सौंदर्यही तिथूनच येतं.

आधी मापं पाहू. ४×५ इंची फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटतं ते साधारण ९६×१२० मिलिमीटर जागेत. त्याचा कर्ण सुमारे १५४ मिलिमीटर, म्हणून १५० ची लेन्स इथे ‘नॉर्मल’ ठरते. ९० ची लेन्स याच फिल्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८१ अंशांचं दृश्य पसरवते. दूरच्या डोंगरावर फोकस केला, की लेन्स आणि फिल्म यांच्यात साधारण नाभीय अंतराएवढीच (लेन्सच्या नावातले ते मिलिमीटर) जागा उरते. ९० मिलिमीटर म्हणजे मुठीच्या रुंदीएवढी.

भात्यावरचा इलाज सोपा आहे: घड्यांच्या भात्याऐवजी पिशवीसारखा मऊ भाता, किंवा लेन्स आतल्या बाजूला बसवणारा खोलगट लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी). दुसरी गंमत कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीची. दृश्य इतकं रुंद असतं की उभ्या चित्रात ही फळीच खाली डोकावते. मग ती खाली पाडायची आणि तिच्याबरोबर कललेली पुढची चौकट पुन्हा उभी करायची. हे एकदा हाताला सवयीचं झालं की झालं.

प्रकाशाचं तसं नाही. तिथे खरी झुंज आहे.

चित्राच्या मध्यावर पडणारा किरण सरळ येतो, कोपऱ्यावरचा तिरका. तिरक्या किरणाला तीन ठिकाणी मार बसतो. त्याला जास्त अंतर कापावं लागतं, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश पातळ होतो. तो फिल्मवर तिरका पडतो, त्यामुळे जास्त जागेवर पसरतो. संध्याकाळचं ऊन जमिनीला कमी तापवतं ते याच कारणाने. आणि कोपऱ्यावरून पाहिलं तर लेन्समधलं गोल छिद्र लंबगोल, म्हणजे लहान दिसतं. हिशेब केला तर कोपऱ्यावरची तीव्रता कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घसरते. ४५ अंशांवर उरतो चौथा भाग, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा अंधार (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

१९०० साली गोर्झ कंपनीसाठी एमिल फोन ह्योग यांनी हायपरगॉन नावाची लेन्स बनवली. दोन पातळ, जवळजवळ अर्धगोल काचा, आणि १३० अंशांहून रुंद दृश्य. त्या कोनात कडेला मध्याच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढाच प्रकाश पोचतो. त्यावरचा तोड असा: लेन्ससमोर एक चांदणीच्या आकाराचं चक्र, रबरी फुग्याने हवा मारून ते फिरवायचं, आणि एक्स्पोजरचा बराचसा काळ मध्यावरचा प्रकाश अडवून धरायचा. शेवटी चक्र बाजूला करायचं. यंत्रशास्त्रातली इतकी देखणी युक्ती मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

पुढचं मोठं पाऊल १९४० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल रुसिनोव यांनी टाकलं. त्यांना विमानातून जमिनीचे नकाशे टिपण्यासाठी लेन्स हव्या होत्या. त्यांनी दोन्ही टोकांना मोठ्या, बाहेर फुगलेल्या ऋण काचा (प्रकाश पसरवणाऱ्या) बसवल्या. अशी लेन्स तिरकी धरून आत पाहिलं, तर छिद्र अपेक्षेइतकं चपटं होत नाही. काचा ते मोठं करून दाखवतात. म्हणजे तीन मारांपैकी तिसरा बराचसा परतवला जातो. आणि घसरण चौथ्या घाताऐवजी तिसऱ्याच्या जवळपास येते. सुपर-अँग्युलॉन, ग्रँडॅगॉन, निक्कॉर एसडब्ल्यू या लार्ज फॉरमॅटवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या फिल्मवर काम करणाऱ्यांच्या, ओळखीच्या लेन्स याच घराण्यातल्या. त्यांच्या पुढच्या-मागच्या काचा एवढ्या फुगीर का, याचं उत्तर हेच. उरलेला फरक मिटवायला सेंटर फिल्टर असतो: मध्यावर करडा, कडेकडे विरत जाणारा. तो लावला की साधारण दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं. आभाळाचा मोठा भाग असलेल्या रंगीत चित्राला तो लावावाच, असं माझं मत आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रात थोडे गडद कोपरे मला खटकत नाहीत.

आता जवळिकीचं देणं. ३५ मिलिमीटरच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा हलतो, म्हणून वाइड अँगल लेन्सला मुद्दाम लांब ढकलणारी, पुढे-मागे असमान रचना करावी लागते. फील्ड कॅमेऱ्यात आरसाच नाही. लेन्स फिल्मजवळ मुक्कामाला येऊ शकते आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखी सारखी असू शकते. पुढच्या अर्ध्याचा वाकवण्याचा दोष मागचा अर्धा उलटा फेडतो. म्हणून इमारतीची कड चित्राच्या अगदी काठावरही पट्टीने आखल्यासारखी सरळ राहते.

कडेचा चेहरा किंवा गोल दिवा ताणलेला दिसतो, त्याचा दोष मात्र लेन्सला देऊ नये. सपाट फिल्मवर गोलाची प्रतिमा कडेला लंबगोलच पडते. ४० अंशांवर ती सुमारे १.३ पट लांबते. ९० च्या लेन्सने घेतलेलं चित्र चौपट मोठं केलं आणि ३६ सेंटिमीटरवरून एका डोळ्याने पाहिलं, तर तो ताण नाहीसा होतो, कारण डोळा आता लेन्सच्या जागी आलेला असतो. करून पाहावं असं आहे.

लेन्स घेताना नाभीय अंतराइतकंच प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात नीट चित्र उमटवते तो गोल, महत्त्वाचं. ९० च्या जुन्या, छोट्या अँग्युलॉनचं वर्तुळ जेमतेम १५४ मिलिमीटर: फिल्म झाकली, संपलं. ९० च्या सुपर-अँग्युलॉन एफ/८ चं २१६. म्हणजे आडव्या चित्रात पुढची चौकट ४१ मिलिमीटर वर उचलता येते, आणि कॅमेरा न कलवता उंच इमारतीचं टोक चित्रात येतं. वजन वाढतं ते याच वर्तुळाचं.

लेन्स कलवण्याचं गणितही बदलतं. १९०४ साली ऑस्ट्रियन लष्करातले टेओडोर शाइम्फ्लुग यांनी पेटंटमध्ये मांडलेल्या तत्त्वाने, लेन्स थोडी पुढे झुकवून पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंतची जमीन एकाच फोकसमध्ये आणता येते. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर १५० च्या लेन्सला सुमारे ५.७ अंश झुकवावं लागतं, ९० ला फक्त ३.४. सवयीने हात जास्त झुकवतो आणि झाडांचे शेंडे धूसर होतात. अनंतापासून तीन मीटरपर्यंत फोकस आणायला ९० ची लेन्स अवघी २.८ मिलिमीटर सरकते. आता मागची चौकट नकळत अर्धा अंश तिरकी राहिली, तर फिल्मच्या दोन टोकांत एक मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून ढिला, खिळखिळा कॅमेरा लांब लेन्सला चालून जातो, वाइडला नाही.

हे सगळं तपासायचं दुधी काचेवर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र दाखवणाऱ्या काचेवर, आणि तिथे कोपरे जवळजवळ काळे दिसतात. तिरके आलेले किरण काच बाहेरच्या दिशेने सोडते, आपण मात्र मधोमध उभे असतो. फ्रेनेल काच (कडेचे किरण आत वळवणारी, गोल खाचांची पातळ काच) थोडी मदत करते. डोकं हलवून प्रत्येक कोपऱ्याच्या रेषेत डोळा नेणं जास्त कामाचं. बऱ्याच दुधी काचांचे कोपरे मुद्दाम छाटलेले असतात. त्या फटीतून डोळा लावून लेन्सकडे पाहावं: छिद्र पूर्ण लंबगोल दिसलं, तर त्या कोपऱ्याला पूर्ण छिद्राचा प्रकाश मिळतो आहे. मांजरीच्या बाहुलीसारखं दोन्हीकडून कापलेलं दिसलं, तर छिद्र एकेक पायरी लहान करत जावं, कापलेल्या कडा नाहीशा होईपर्यंत. तरीही एक बाजू खाल्लेली राहिली, तर चौकट वर्तुळाबाहेर गेली आहे. ती थोडी खाली घ्यावी.