चिंच की आवळा? गाडीचा गंज काढायचा की पालटायचा

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'गाडीच्या गंजाला काहीतरी द्या' म्हटलं की समोर दोनपैकी कुठलीही एक बाटली येते. एक रस्ट रिमूव्हर, दुसरी रस्ट कन्व्हर्टर. देणाऱ्याला फरक माहीत नसतो आणि घेणाऱ्यालाही. दोन्ही गंजावरच लावायच्या, मग फरक पडतो कुठे?

पडतो. मी तो पैसे आणि एक रविवार घालवून शिकलो. आमची गाडी रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. मागच्या दाराच्या खालच्या काठाला रुपयाएवढा फोड आला होता. नखाने टोचला तर रंगाचा पोपडा निघाला आणि आत लाल भुगा. मी आधी तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने तासभर घासून पत्रा आरशासारखा केला. त्यावर मोठ्या समाधानाने कन्व्हर्टरचे दोन हात दिले आणि वर टचअपचा रंग मारला. जुलै संपायच्या आत तो सगळा थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा एका ओढीत हातात आला. बाटलीत खोट नव्हती. ज्याचं रूप पालटायचं तो गंजच मी आधी घासून टाकला होता.

फरक समजून घ्यायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. देवाची तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवून घेऊन जातं आणि खालचा धातू उघडा पडतो. हे झालं रिमूव्हरचं काम. आता केसांना लावायची आवळ्याची पूड आठवा. रात्री लोखंडी कढईत भिजत घातली की सकाळी ती काळीभोर होते. आवळ्यातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी गाठ पडते आणि निळसर काळा, पाण्यात सहजासहजी न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून जी काळी शाई बनायची, तिचं रहस्यही हेच. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये हेच टॅनिन असतं आणि सोबत चिकासारखं एक पॉलिमर, जे वाळल्यावर पातळ पापुद्रा धरतं. म्हणून ते बाटलीत दुधासारखं पांढरं दिसतं आणि गंजावर लावलं की पाहता पाहता जांभळट काळं पडतं.

थोडक्यात, चिंच गंज घेऊन जाते. आवळा गंजाला जागेवरच ठेवतो, फक्त त्याचं दुसरंच काहीतरी करून टाकतो.

घोळ वाढतो तो फॉस्फरिक आम्लामुळे. हे आम्ल दोन्ही प्रकारच्या बाटल्यांत सापडतं, कारण ते दोन्ही कामं थोडी थोडी करतं. गंज विरघळवतं आणि जाताना लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर ठेवून जातं. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्यामागेही फॉस्फरसच असल्याचं आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटचं पातळ कवच धरलं गेलं. आपल्या गाडीच्या पत्र्याला असलं नशीब नाही आणि बाटलीतून येणारा थर फार पातळ असतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर रंग टाळू नये. हे आम्ल दोन्ही बाटल्यांत असू शकतं, म्हणून बाटली घेताना पुढचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. 'लावून पाण्याने धुवा' असं असेल तर ती काढणारी. 'वाळू द्या, धुऊ नका' असं असेल तर ती पालटणारी.

आता कुठे काय वापरायचं? जो भाग सुटा करून बादलीत बुडवता येतो, तिथे रिमूव्हरच. नंबरप्लेटची पट्टी, जॅकचं हँडल, चाकाचा पाना, बॅटरी धरून ठेवणारी क्लिप. यासाठी महागडी बाटलीही लागत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम, आणि रात्रभर भिजत. सकाळी ब्रश फिरवला की काळपट गाळ सुटतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, स्वच्छ धुवायचं आणि तिथल्या तिथे कोरडं करायचं. इथे आळस केला तर पंचाईत. उघडं पडलेलं लोखंड कोकणातल्या हवेत चहा होईपर्यंत पुन्हा पिवळसर दिसू लागतं. म्हणून प्रायमर आधी उघडून हलवून ठेवावा आणि मगच वस्तू पाण्यातून काढावी. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर, जिथे शेवटी रंग गुळगुळीत दिसायला हवा, तिथेही गंज पूर्ण काढलेलाच बरा.

एक पोटतिडकीने सांगतो: संडास धुवायचं अ‍ॅसिड गाडीला लावू नका. ते मिठाचं आम्ल. गंज चुटकीसरशी उतरवतं हे खरं, पण त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या सांध्यात मागे राहतं आणि क्लोराइड म्हणजे समुद्राच्या खाऱ्या हवेतलंच दुखणं. शिवाय त्याच्या वाफांनी शेजारी ठेवलेले पाने गंजतात ते वेगळंच. आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर मुळातच जस्ताचा थर असतो. तिथे कुठलंही आम्ल सढळ हाताने फासलं, तर गंजाआधी तो राखणदारच जातो. स्प्रिंग आणि सस्पेन्शनचे कडक पोलादाचे बोल्ट तर आम्लात बुडवायचेच नाहीत. आम्लाने ते आतून ठिसूळ होऊ शकतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

कन्व्हर्टरची जागा म्हणजे जिथे चकचकीत धातूपर्यंत पोहोचणं शक्यच नाही ती. चाकावरच्या मडगार्डची आतली बाजू, चासीचे कोपरे, खड्डे पडलेला खरबरीत पत्रा. एकेका खड्ड्याच्या तळातला गंज घासून निघत नाही, तिथे काढण्याचा हट्ट सोडून पालटून घेणं शहाणपणाचं. पण 'गंजावरच लावा' याचा अर्थ पापुद्र्यांवर लावा असा नाही. जे तारेच्या ब्रशने सुटतं ते सगळं सोडवायचं, जे घट्ट बसलंय ते राहू द्यायचं. कारण औषध फार खोल जात नाही. जाड थरावर फासलं तर वरची कातडी काळी होते आणि खाली गंज निवांत आपलं काम करत राहतो. आणि घासण्याआधी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने भरपूर धुवायचा. मिठाचे कण पापुद्र्याखाली अडकले, तर ते हवेतून ओल ओढून घेत राहतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको, तिथे हिवाळ्यात रस्त्यावरच मीठ टाकतात.

लावताना मोठ्या बाटलीत ब्रश बुडवू नका. लागेल तेवढं जुन्या वाटीत ओता, उरलेलं फेकून द्या. गंजाचा कण बाटलीत गेला की तिथेच तो रंग पालटू लागतो आणि महिन्याभराने आत काळं दही लागलेलं मिळतं. पातळ हात द्या, वाळू द्या, कुठे तपकिरी ठिपके दिसले तर दुसरा हात. मग बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा पूर्ण एक दिवस, जाऊ द्या. काळा पापुद्रा धरला की काम झालं असं वाटतं, पण ऊन आणि पाण्यापुढे तो एकटा टिकत नाही. वर प्रायमर आणि रंग हवाच. पावसाळ्यात हे काम काढूच नये. माझा मुहूर्त दिवाळीनंतरचा, हवा कोरडी झाली की.

प्रायमर म्हटला की आपल्याकडे हात रेड ऑक्साइडकडे जातो. गंमत अशी, की त्यातला लाल रंगही लोखंडाचा ऑक्साइडच, म्हणजे गंजाचा चुलतभाऊ. तो वाईट नाही, पण त्याच्यात फक्त झाकायचा गुण. गंजाला अडवायचं तर डब्यावर झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी लिहिलेलं शोधतो मी.

दाराच्या आतल्या पोकळीत मात्र दोन्ही बाटल्या निरुपयोगी. तिथे घासता येत नाही, धुता येत नाही, नीट दिसतही नाही. माझ्या दाराचा फोड बाहेरून आलेलाच नव्हता. खालच्या काठाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती चिखल आणि सुरूच्या काड्यांनी बुजली होती आणि दारात पाणी साठून पत्रा आतून कुजत होता. भोकं अगरबत्तीच्या काडीने मोकळी केली, दार दोन दिवस उन्हात वाळू दिलं आणि त्याच भोकांतून पोकळीसाठीचं मेणासारखं फवारायचं औषध आत मारलं.

बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या खेपेस, पत्रा घासून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने भिजवलेलं कापड अर्धा तास चिकटवून ठेवलं, मग पत्रा धुतला आणि हेअर ड्रायरने वाळवला. इपॉक्सी प्रायमर मारायचा तेवढा बाकी होता. मधल्या तीन-चार खड्ड्यांच्या तळाशी काळपट गंज राहिलाच होता. तेवढ्यावर, प्रायमरच्या आधी, काडीच्या टोकाने कन्व्हर्टरचा एकेक थेंब ठेवला आणि रात्रभर गाडी पडवीत घेतली. सकाळी त्या थेंबांचे जांभळट काळे टिपके झाले होते आणि भोवतीच्या स्वच्छ पत्र्यावर सांडलेला एक थेंब मात्र तसाच पांढरट वाळला होता. नखाने खरवडला तर सुटून आला.