धुरीचं लाकूड आणि ‘भट्टीत वाळवलेलं’ हा शिक्का: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या दुकानात मांस धुरावण्याच्या लाकडाची पिशवी उचलली, की हिकरी, ओक, सफरचंद अशा नावाखाली बहुतेक वेळा एक ओळ असते: ‘किल्न ड्राइड’, म्हणजे भट्टीत वाळवलेलं. घरी ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) धुरावर चढवणारे लोक आज झाडाच्या जातीपेक्षा या ओळीवरून जास्त भांडतात. भट्टीने लाकडाची चव मारली, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, तेच स्वच्छ जळतं. या ओळीला जे वजन आलं त्यात स्वयंपाकाचा वाटा थोडा आणि एका किड्याचा फार मोठा आहे.

कुठलं लाकूड घ्यायचं, हा प्रश्न पूर्वी नव्हताच. जे झाड जवळ, त्याचाच धूर. कॅरोलायनात हिकरी आणि ओक, दक्षिण आणि पश्चिम टेक्सासच्या कोरड्या माळावर मेस्किट, वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे सामन माशाला अल्डर. मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी मांसाची दुकानं थाटली आणि न खपलेलं मांस धुरावून विकायला सुरुवात केली. भोवती पोस्ट ओक ही ओकची जात होती, म्हणून पोस्ट ओक. (मेस्किटची जवळची बहीण आपल्याकडे माळरानांवर माजली आहे. वेडी बाभूळ तीच. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिका खंडातूनच भारतात आणली गेली. तिच्या जळणाची धग ज्यांनी सोसली आहे, त्यांना मेस्किटवर बारा तास मांस ठेवलं तर ते कडू का होतं, हे वेगळं सांगायला नको.)

घरगुती धुरावणीचं रूप विसाव्या शतकात बदललं. १९५२ साली शिकागोत धातूच्या बोयाचा गोळा मधोमध कापून झाकणाची गोल शेगडी तयार झाली. धग आता कोळशाची आणि लाकूड केवळ वासापुरतं, मुठीएवढे दोन-चार तुकडे. लाकूड ट्रॉलीने घ्यायची वस्तू होती, ती पिशवीने घ्यायची झाली. त्याबरोबर ते कुठून आलं आणि कधी तोडलं, ही माहितीही गेली.

मग २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात ॲश जातीची झाडं वाळताना एक हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. मूळ पूर्व आशियातला. याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा रोमन ‘डी’ अक्षरासारखं भोक पाडून बाहेर पडतो. त्याने पुढे कोट्यवधी झाडं मारली. स्वतःच्या पंखांवर तो फार दूर जात नव्हता. लांबचा पल्ला त्याने गाडीच्या डिकीत, सरपणाच्या मोळीत बसून गाठला.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने बाधित भागातून सरपण बाहेर नेण्यावर बंधनं घातली, तेव्हा ती फक्त ॲशवर ठेवली नाहीत. फोडलेलं, साल निघालेलं लाकूड कुठल्या जातीचं हे नाक्यावरच्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून सगळ्याच रुंदपानी झाडांचं सरपण नियमात आलं आणि किड्याशी काही संबंध नसलेले हिकरी आणि ओकही अडकले. बाहेर पाठवायचं तर लाकूड तापवून द्या, असं ठरलं. सुरुवातीला गाभ्यात ७१ अंश सेल्सिअस, ७५ मिनिटं. पुढे हा निकष ६० अंश, ६० मिनिटं इतका खाली आला.

गोंधळ इथेच झाला. ६० अंशांवर तासभर ठेवलं की अळी मरते, लाकूड वाळत नाही. ताज्या ओकमध्ये पाणी इतकं असतं की ते खरोखर उतरवायला भट्टीत दिवसच्या दिवस जातात. म्हणजे ‘उष्णतेने निर्जंतुक’ आणि ‘भट्टीत वाळवलेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींसाठी भट्टी तीच. बोलण्यात आणि कित्येकदा लेबलवरही दोन्हींना एकच नाव पडलं. त्यामुळे एका पिशवीत १० टक्के ओलावा निघतो आणि दुसरीत ३० टक्के. आधीच्या पिढीचा ‘सीझन्ड’ हा शब्दही काही बरा नव्हता. विक्रेता त्याचा अर्थ ‘गेल्या हंगामात तोडलेलं’ असा लावी आणि गिऱ्हाईक ‘मुरलेलं’ असा.

त्यात टक्केवारीचीही भानगड आहे. लाकडाच्या मधल्या भागातून तीन सेंटिमीटर जाडीची चकती कापा. टोकाची नको, टोकं आधी वाळतात आणि फसवतात. समजा ती ६०० ग्रॅम भरली. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर काही तासांनी तोला. शेवटी ५०० ग्रॅम राहिली, तर पाणी १०० ग्रॅम. इमारती लाकडाचा धंदा ते कोरड्या वजनावर मोजतो: २० टक्के. जळणाचा धंदा अनेकदा ओल्या वजनावर मोजतो: १६.७ टक्के. लाकूड तेच. फार ओल्या लाकडात ही तफावत आणखी वाढते, ५० टक्क्यांचे ३३ होतात. ओलावा मोजणारा दोन सुयांचा मीटर सहसा कोरड्या वजनाचा आकडा दाखवतो. तो वापरायचा तर तुकडा त्याच क्षणी फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर सुया रोवाव्यात. वरून घेतलेला आकडा निरुपयोगी.

भट्टी चव मारते, हा आरोप आम्हाला पटत नाही. धुराचा वास प्रामुख्याने लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य) फुटून येणाऱ्या ग्वायाकोल, सिरिंगोल अशा संयुगांचा. लिग्निन फुटायला काही शे अंश लागतात, भट्टी तिथपर्यंत जातच नाही. दुखणं फाजील कोरडेपणाचं आहे. १० टक्क्यांचं लाकूड भसकन पेटतं आणि मांस धुरावायचा डबा (स्मोकर) तापतो. तापमान आवरायला आपण हवेची झडप दाबतो, विस्तव गुदमरतो आणि दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर मांसावर बसतो. ओल्या लाकडाचा धूरही तसाच, कारण वेगळं. तिथे आधी पाणी उकळण्यातच धग खर्ची पडते. मीटरवर १५ ते २० हा पट्टा धुरीसाठी सोयीचा, मोठ्या स्मोकरात २५ पर्यंतही चालतं. लाकडाचे ढलपे पाण्यात भिजवल्याने हा पट्टा साधत नाही. पाणी वरच्या थरातच राहतं आणि आधी नुसती वाफ निघते.

उघड्यावर वाळवलेलं लाकूड आम्हाला अधिक भरवशाचं वाटतं, पण ते २० टक्क्यांवर थांबत नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत सरासरी ७५ टक्के आर्द्रता असेल, तर छपराखालचं लाकूड शेवटी १४ टक्क्यांच्या आसपास येतं, मग ते भट्टीतून आलेलं असो की रानातून. म्हणजे २० टक्के हा वाटेतला मुक्काम आहे, तो गाठून वापरायचा. फोडलेल्या पोस्ट ओकला साधारण नऊ ते बारा महिने लागतात, फळझाडांच्या बारीक फांद्यांना कमी. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ओले असतील तर ‘थप्’ असा बसका आवाज येतो, वाळलेले खणखणतात. टोकाला गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या चिरा दिसतात आणि साल नखाने उचकटते.

रचताना खाली दोन आडव्या लाकडांवर १०-१५ सेंटिमीटरची मोकळीक, एकच रांग, कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला. पाणी तिथूनच बाहेर पडतं. पत्रा किंवा ताडपत्री फक्त माथ्यावर. बाजू झाकल्या की आत दमट होऊन बुरशी धरते, आणि बुरशीचं किंवा भुसभुशीत झालेलं लाकूड मांसाखाली नको. तुकड्यांची पिशवी जाळीची किंवा कागदी हवी. याउलट, १९८०च्या दशकात घरगुती स्मोकरात आलेल्या, दाबलेल्या भुशाच्या कांड्या (पेलेट) घट्ट झाकणाच्या बादलीतच ठेवाव्यात. दमटपणा लागला की त्या फुगून परत भुसा होतात आणि कांड्या पुढे ढकलणारा स्क्रू चोंदतो. चांगली कांडी बोटांत कट्‌कन तुटते.

किड्यासाठीची केंद्रीय बंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली, कारण किडा आवाक्याबाहेर गेला होता. राज्यांचे नियम ठिकठिकाणी आहेत, आणि पिशवीवरची ओळ तशीच आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी १ मेपासून इंग्लंडात दोन घनमीटरपेक्षा कमी विकल्या जाणाऱ्या सरपणाला २० टक्के ओलाव्याची मर्यादा आली. तिथलं कारण घराघरांतल्या धुराचं प्रदूषण.

टेक्सासात वेगळाच धोका आहे, ओक मर रोगाच्या बुरशीचा. त्याने मेलेल्या लाल ओकच्या ताज्या ओंडक्यांवर ती बुरशी वाढते आणि बारीक भुंगेरे ती पसरवतात. तिथे ‘फक्त माथा झाका’ हा नियम मोडावा लागतो. लाल ओकचा ढीग पूर्ण वाळेपर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा मातीत पुरतात. काळं प्लॅस्टिक नको. त्याखाली अंधार असतो, आणि भुंगेरे एखाद्या भोकातून येणाऱ्या उजेडाचा माग काढत बरोबर बाहेर पडतात. पोस्ट ओक पांढऱ्या ओकांच्या गटातला. त्याच्यावर ही बुरशी अशी वाढत नाही, म्हणून त्याला हा बंदोबस्त लागत नाही.