बोटाने उघडणारे कुलूप घेण्याआधी: गोव्यातल्या घरांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोबाइलवर एखादे मॉडेल पसंत करूनच येतात. आम्ही त्यांना आधी घराच्या दाराचा फोटो मागतो. कुलपातले इलेक्ट्रॉनिक्स आता बऱ्यापैकी भरवशाचे झाले आहे. गोव्यात ही कुलपे अडतात ती लाकूड फुगल्यामुळे, दार बिजागरीवरून झुकल्यामुळे, हवेतल्या खारामुळे आणि सेल वेळेवर न बदलल्यामुळे. म्हणून हे पत्रक दारापासून सुरू होते, कुलपाची पाळी नंतर येते.

आधी दार

सागवान असो, फणस असो की माट्टी, लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषते आणि रुंदीत फुगते. उंचीत जवळजवळ फरक पडत नाही. जून सरता सरता दार चौकटीला घासू लागते आणि घरातली माणसे नकळत सवय लावून घेतात: दार खांद्याने जरा रेटायचे, हँडल वर उचलायचे, मग कडी सरकवायची. कुलपातल्या मोटरला अशी युक्ती करता येत नाही.

यावरच सगळ्यात महत्त्वाची निवड ठरते. बाजारात मुख्यतः दोन प्रकारची कुलपे मिळतात. पहिल्या प्रकारात बोट ओळखले की आतली छोटी मोटर फक्त हँडल आणि बोल्ट यांची जोडणी करून देते. बोल्ट मागे घेता तुम्ही, हँडल फिरवून, हाताच्या जोरावर. दुसरा प्रकार पूर्ण स्वयंचलित. त्यात मोटर स्वतःच बोल्ट आत-बाहेर ढकलते, तुम्ही दार नुसते लोटायचे. हा प्रकार देखणा आहे आणि वापरायला सुखाचाही. पण फुगलेल्या दारात बोल्ट चौकटीतल्या लोखंडी पट्टीवर दाबून बसतो, मोटर जोर लावत राहते, बॅटरी लवकर उतरते, आणि ऐन पावसात बोल्ट अर्ध्यावर अडकू शकतो. दार लाकडी असेल आणि त्यावर पावसाची झड येत असेल, तर आम्ही पहिल्या प्रकारचेच कुलूप सुचवतो. ते स्वस्तही पडते. फ्लॅटचे दार आतल्या पॅसेजमध्ये असेल, वर्षभर कोरडे राहत असेल, तर दुसरा प्रकार खुशाल घ्या.

बसवताना दाराच्या कडेला खोल खाच काढावी लागते. त्या खाचेत कोरे लाकूड उघडे पडते आणि पावसाळ्यात तिथूनच ओलावा आत शिरतो. खाचेला आतून वॉर्निश किंवा प्रायमरचा हात मारून, तो सुकल्यावरच कुलूप आत जायला हवे. काम एका दिवसाऐवजी दोन दिवस चालते, पण आम्ही ते तसेच करतो. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून बसवून घेणार असाल तरी हा आग्रह धरा. दार जुलैत घासते म्हणून तेव्हाच भरपूर रंधा मारून घेऊ नका. जानेवारीत लाकूड आकसले की तिथे फट दिसेल आणि बोल्टची पकड कमी होईल. थोडे घासून भागत असेल तेवढेच घासा, आणि चौकटीतल्या पट्टीचे भोक किंचित मोकळे करून घ्या.

चौकटही तपासा. बोटांच्या पेरांनी खालपासून वरपर्यंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला, किंवा चिऱ्याच्या भिंतीलगत मातीची बारीक रेघ चढलेली दिसली, तर आत वाळवी आहे असे समजा. अशा चौकटीत कितीही महागडे कुलूप बसवले तरी एका लाथेत पट्टी स्क्रूसकट निघून येईल. आधी चौकट बदला, कुलूप पुढच्या वर्षी घ्या.

दाराची जाडी मोजताना वरचे नक्षीकाम किंवा मोल्डिंग धरू नका, कुलूप जिथे बसणार तिथली जाडी मोजा. बहुतेक मॉडेल सुमारे ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी बनवलेली असतात. नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. फ्लॅटला बाहेरून जाळीचे सेफ्टी डोअर असेल तर दोन दारांमधले अंतरही मोजा. हँडल बाहेर डोकावते आणि जाळीला आपटते. ही अडचण कुलूप बसवून झाल्यावरच लक्षात येते आणि तोवर दाराला भोके पडलेली असतात.

जुन्या घरांबद्दल स्पष्ट सांगतो. बाल्कांव ओलांडून आत गेल्यावर जे दोन झडपांचे जाड दार लागते, आतून अडसर असलेले, त्याला भोके पाडायला आम्ही तयार नाही. तशा सागवानाचे दार आज करून घ्यायचे म्हटले तर खर्च कुलपाच्या कितीतरी पट येईल. शिवाय दोन झडपांमधली एक वर-खाली खिट्ट्या लावून पक्की केल्याशिवाय असे कुलूप नीट काम करत नाही. अशा घरात रोजची ये-जा बहुधा बाजूच्या किंवा मागच्या दाराने होते. त्या दाराला बोटाचे कुलूप लावा आणि पुढच्या दाराचा अडसर आहे तसाच राहू द्या. त्याच्याइतकी मजबूत वस्तू आमच्या दुकानात नाही.

बोटे सगळ्यांची सारखी नसतात

बोट वाचणारे सेन्सर बहुधा दोन तऱ्हांचे असतात. एक प्रकाश टाकून बोटाचे चित्र घेतो. दुसरा, सेमीकंडक्टरचा, त्वचेवरच्या उंच-सखल रेषांमुळे विद्युतभारात पडणारा सूक्ष्म फरक मोजतो. घरासाठी दुसरा घ्या. पहिल्यावर संध्याकाळचे पश्चिमेचे ऊन थेट पडले तर तो गडबडतो, आणि नुसत्या छायाचित्राने किंवा साध्या नकलेने फसण्याची शक्यताही त्यात जास्त असते. मात्र बोट ओले असेल तर दुसराही अडतो. छत्री मिटवून दारात उभे राहिल्यावर आधी बोट कपड्याला पुसा आणि मगच टेकवा.

खरी अडचण येते ती ठसा झिजलेल्या हातांची. साठीनंतर त्वचा कोरडी आणि पातळ होते, रेषा उथळ होतात. गवंडीकाम करणारे, चिरे उचलणारे, रोज मासळी साफ करणारे, आदोळीवर नारळ खोवणारे, यांच्या बोटांवरच्या रेषा घासलेल्या असतात. काजूच्या दिवसांत, मार्च ते मे, सत्तरी-डिचोलीकडच्या ग्राहकांना हा त्रास हमखास होतो. काजूच्या टरफलातले तेल त्वचा जाळते, साल निघते, आणि फेब्रुवारीत नोंदवलेला ठसा एप्रिलमध्ये जुळत नाही. बिघाड कुलपात नसतो. नवी त्वचा आली की तोच ठसा पुन्हा चालू लागतो. तोपर्यंत कोड किंवा कार्ड वापरायचे.

म्हणून घरातल्या प्रत्येकाची किमान दोन बोटे नोंदवा, दोन्ही हातांचे एकेक. एका हातात बाजाराची पिशवी असतेच. आजी-आजोबांचा अंगठा बहुधा तर्जनीपेक्षा चांगला वाचला जातो. तोच अंगठा दोन वेगवेगळ्या क्रमांकांवर नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा जरा तिरका ठेवून. तरीही जुळत नसेल तर त्यांना बोटासाठी ताटकळत ठेवू नका, सरळ कार्ड द्या. लहान मुलांची बोटे वाढतात, त्यामुळे शाळेचे वर्ष सुरू होताना त्यांची नोंद नव्याने करा.

आणखी एक गोष्ट, वहीत लिहून ठेवण्याची. ॲप नसलेल्या साध्या कुलपात बोटे नावाने साठत नाहीत, ००१, ००२ अशा क्रमांकांनी साठतात. घरकाम करणाऱ्या ताईंनी काम सोडले आणि त्यांचा क्रमांक कोणाला आठवत नसेल, तर सगळी बोटे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कुलूप बसवतो त्याच दिवशी आम्ही क्रमांक आणि नावे लिहिलेला कागद तुमच्या हाती देतो. तो कपाटात ठेवा, दारामागे चिकटवू नका.

वीज गेली तर?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो. वीज गेली तरी कुलूप चालते, कारण ते सेलवर चालते. बंद पडते ते वाय-फाय. म्हणजे मेच्या गडगडाटात राउटर बंद झाला तर मडगावच्या ऑफिसमधून फोंड्याचे दार उघडता येणार नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचे बोट मात्र चालेल.

सेल अल्कलाइनच घाला. साधे स्वस्त पेन्सिल सेल मोटरला लागणारा झटका नीट देऊ शकत नाहीत आणि लवकर गळतात. रिचार्जेबल पेन्सिल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. त्यांचा दाब बराच काळ स्थिर राहतो आणि मग एकदम घसरतो, त्यामुळे सेल संपत आल्याची सूचना उशिरा मिळते. कुलपाबरोबर कंपनीचा स्वतःचा लिथियम पॅक आला असेल तर गोष्ट वेगळी, तो चार्ज करून वापरा. सेल बदलताना सगळे एकदम बदला, जुने-नवे एकत्र नको. कंपनी वर्षभराचा भरवसा देत असली तरी ज्या कुलपात वाय-फाय सतत चालू आहे किंवा कॅमेरा आहे, तिथे तेवढी अपेक्षा धरू नका. आमचा सल्ला असा की वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा, सूचना आली नसली तरी सेल बदलून टाका.

सेल पूर्ण संपले तरी बाहेरून दोन उपाय असतात. बहुतेक मॉडेलना खालच्या बाजूला यूएसबीचे तोंड किंवा ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवायचे दोन बिंदू असतात. पॉवर बँक जोडली की कुलूप जागे होते आणि मग बोट लावायचे. दुसरा उपाय लोखंडी चावी. ज्या कुलपाला चावी नाही ते आम्ही विकत नाही. चावी घरात ठेवून उपयोग नाही हे सांगायला नको, पण बहुतेक जण ती कुलपाच्या खोक्यातच आणि खोके घरातच ठेवतात. एक चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या, दुसरी गाडीत किंवा ऑफिसात.

घर बंद करून जाताना

चवथीला पणजी-वास्कोचा फ्लॅट बंद करून सगळे कुटुंब गावच्या घरी जाते. आठवड्याभराचा प्रश्न असेल तर काही करायची गरज नाही. निघताना दार खेचून बघा आणि सेलची पातळी पाहून घ्या. पण घरमालक बोटीवर, आखातात किंवा इंग्लंडमध्ये असेल आणि घर महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर हे कुलूप त्या घराचे एकमेव कुलूप असू नये. दमट बंद घरात सेल गळतात आणि आतली पट्टी गंजून जाते. घर झाडायला महिन्याकाठी कोणी येत असेल तर सेल बघायचे काम त्यांच्यावर सोपवा. तसे कोणी नसेल तर सेल काढून ठेवा, दार चावीने बंद करा, वर नेहमीचे कडी-कोयंड्याचे कुलूप लावा.

किनाऱ्यालगतच्या घरांत, कांदोळी, मोरजी, कोलव्याच्या पट्ट्यात, खाऱ्या वाऱ्याचा थर हँडलवर साचतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, मग कोरडे करा. बाहेरचे भाग ३१६ दर्जाच्या स्टीलचे मिळाले तर उत्तम, तो दर्जा ३०४ पेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकतो. सेन्सरला थिनर, ॲसिड किंवा रॉकेल लावू नका. चावीच्या भोकात खोबरेल तेल घालण्याची सवयही सोडा. त्यात धूळ चिकटते आणि वर्षभरात चावी फिरेनाशी होते. तिथे ग्राफाइटची पूड घालतात.

रोजचे वागणे

दार आपोआप लॉक होण्याची सोय बहुतेक कुलपांत चालू करूनच येते. सकाळी तुळशीला पाणी घालायला किंवा पोदेराचा भोंपू ऐकून पाव घ्यायला कोणी बाहेर जाते, वाऱ्याने दार लागते, गॅसवर दूध असते. बाहेर गेलेल्याचे बोट नोंदवलेले नसेल, पाहुणा असेल, तर मोठी पंचाईत होते. घरात माणसांची ये-जा असेल तेवढा वेळ ही सोय बंद ठेवा आणि रात्री चालू करा. बसवल्याच्या दिवशी आम्ही एक चाचणी घेतो: सेल काढून आतले हँडल फिरवायचे. दार उघडलेच पाहिजे. आग लागली, धूर झाला, तर आतल्या माणसाला बोट किंवा कोड शोधत बसायला लागता कामा नये.

होमस्टेच्या पाहुण्यांना स्वतःचा कोड कधीही देऊ नका, ठरावीक दिवसांपुरता वेगळा कोड द्या. कार्डांबाबत एक सावधगिरी बाळगा. स्वस्त कुलपांबरोबर येणाऱ्या साध्या कार्डांची नक्कल करता येते. त्यातल्या एका फार प्रचलित जातीचे संरक्षण २००८ मध्येच उघडे पडले आहे. कार्ड हरवले तर वाट बघू नका, त्याच दिवशी पुसा.

कारखान्यातून आलेला मूळ कोड बदलण्याचे काम तुम्ही स्वतः करायचे. आमचा माणूस तोवर बाहेर थांबतो. तुमचा कोड आमच्याकडे कुठेही लिहिलेला नसतो, त्यामुळे विसरलात तर आम्ही तो सांगू शकणार नाही, कुलूप पूर्ववत करून द्यावे लागेल. घेताना हेही विचारा की ठसा कुलपातच साठतो की कंपनीच्या सर्व्हरवर जातो. कोड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. कुलपातच साठवणारे मॉडेल निवडा. घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना सगळ्या नोंदी पुसा आणि ॲपमधले खाते तोडा.

दार बघायला येण्याआधी आम्हाला चार फोटो पाठवा: दार बाहेरून, दार आतून, दाराची कड पट्टी किंवा टेप धरून, आणि चौकटीत सध्याची कडी जिथे बसते ती जागा. दार पावसात भिजते का, घरात वयस्कर कोणी आहे का, घर वर्षातून किती काळ बंद असते, एवढे सोबत लिहा. यातली काही उत्तरे अशी असतात की आम्ही कुलूप न घेण्याचा सल्ला देतो. त्या सल्ल्याचे पैसे घेत नाही.