जे. जे. वॉट आणि टी. जे. वॉट : कोणता वॉट कसा ओळखायचा?

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, नव्याने पाहू लागलेल्यांचा वॉट बंधूंमध्ये हमखास गोंधळ होतो. दोघेही विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकीचे आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळलेले. दोघांनी कॉलेजात सुरुवात केली ती टाइट एंड म्हणून, म्हणजे आक्रमणात. नाव मात्र कमावलं बचावात, सॅक करून. चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणात पास फेकणाऱ्या खेळाडूला, डाव सुरू होतो त्या रेषेमागे पाडलं, की झाला सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा, म्हणून आकड्यांत तो .५ दिसतो.

थोरला जे. जे., जन्म १९८९चा, जर्सी ९९. २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. धाकटा टी. जे. १९९४चा, जर्सी ९०. पिट्सबर्ग स्टीलर्सने २०१७मध्ये त्याला तिसाव्या क्रमांकावर निवडलं.

खरा फरक उभं राहण्याच्या जागेत आहे. जे. जे. डिफेन्सिव्ह एंड. हात जमिनीला टेकवून समोरच्या अवजड लाइनमनला (रेषेवर उभ्या खेळाडूला) थेट भिडायचं आणि ताकदीने फट पाडून आत घुसायचं, हे त्याचं काम. पोहोचता आलं नाही, तर हात उंचावून पास तिथेच थोपवायचा. २०१२मध्ये त्याने असे १६ पास अडवले. लाइनमनसाठी हा आकडा अचाट आहे.

टी. जे. आउटसाइड लाइनबॅकर. तो बहुतेक वेळा उभाच असतो, रेषेच्या अगदी टोकाला, बचावाच्या डाव्या बाजूला. बाहेरून वळसा घालून येतो. नुसता क्वार्टरबॅक पाडून त्याचं समाधान होत नाही, हातातला चेंडूही सोडवायचा असतो. २०१९मध्ये त्याने ८ वेळा चेंडू सोडवला. गरज पडली तर मागे सरकून पासही रोखतो.

आकड्यांतही गल्लत होते. २०.५ सॅक हे जे. जे.चे, तेही दोनदा : २०१२ आणि २०१४. दोनदा विशीपार जाणारा तो पहिलाच. २२.५ सॅक टी. जे.चे, २०२१मध्ये. त्यामुळे मायकल स्ट्रॅहनच्या एका हंगामातल्या सॅकच्या २००१च्या विक्रमाशी बरोबरी झाली. स्ट्रॅहनला १६ सामने लागले होते, टी. जे.ला १५. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा मान थोरल्याला तीनदा (२०१२, २०१४, २०१५), धाकट्याला एकदा, २०२१मध्ये.

असं असलं तरी एकच हंगाम निवडायचा झाला तर मी जे. जे.चा २०१४ निवडेन. सॅक तर होतेच, पण त्या वर्षी त्याने पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. त्यातले तीन चक्क आक्रमणात येऊन, पास झेलून. एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वात मौल्यवान खेळाडूच्या, मतदानात तो क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. बचावपटू त्या यादीत इतका वर क्वचितच दिसतो.

पुढे पाठ, पाय आणि छातीच्या स्नायूच्या दुखापतींनी त्याचे हंगाम खाल्ले. पण २०१७मध्ये, जेमतेम पाच सामने खेळता आले त्या वर्षी, हार्वे चक्रीवादळात बुडालेल्या ह्यूस्टनसाठी त्याने दोन लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून मदत मागितली आणि ३.७ कोटी डॉलरहून अधिक जमा झाले. शेवटची दोन वर्षं अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून खेळून २०२२च्या हंगामानंतर तो कारकिर्दीतल्या ११४.५ सॅकवर निवृत्त झाला. टी. जे. २०२४च्या हंगामाअखेर १०८वर होता.

आणि फुलबॅक, म्हणजे आक्रमणात क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा, वॉट दिसला, तर तो या दोघांपैकी कोणीच नव्हे. तो मधला, डेरेक.